चिकटतो की नाही

दगड जिभेला चिकटला.

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये मी एकटीच होते. तो तुकडा ओढून काढला, चूळ भरली आणि त्याच पेटीतला शेजारचा तुकडा उचलला. तोही चिकटला. त्याच्या पुढचाही. बोअर नंबर सातमधून काढलेले ते दगडाचे दंडगोल ओळीने जिभेला चिकटत गेले. मी नोंदवही उघडली.

आमच्या धंद्यात जीभ हे अवजार आहे, हे लोकांना पटत नाही. माझ्या आईला तर शेवटपर्यंत पटलं नाही. "दगडं चाटायला एम.एस्सी. केलीस व्हय गं?" असं ती गडहिंग्लजच्या घरी येईल-जाईल त्याच्यादेखत विचारायची. पण जांभ्याच्या मुलखात जिभेवाचून पान हलत नाही. जांभ्याच्या खाली कुठे कुठे शाडू असतो, गणपती करतात तीच माती. पांढरा असला तर कुणीही ओळखेल. पण वरून लोखंडाचं पाणी झिरपून तो लाल झाला आणि पेटीत वाळून टणक झाला, की थेट जांभा दिसतो. डोळे फसतात, हातोडी फसते. जिभेवर ठेवला की मात्र शाडू ओल शोषून धरून बसतो आणि जांभा सुटून येतो. चिकटतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आणि सातव्या बोअरच्या नोंदीत शिंत्रे सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : घट्ट जांभा, तळापर्यंत.

शिंत्रे सर म्हणजे माझे साहेब, गुरू, आणि त्या दिवसांत माझी डोकेदुखीही. खाणीचा आराखडा सरकारात मंजूर व्हायचा तर त्याखाली परवाना असलेल्या माणसाची सही लागते. खणायचं कुठे, किती खोल, निघालेली निकामी माती टाकायची कुठे, ह्या सगळ्याची जबाबदारी त्या एका सहीवर. आमच्या भागात अशी सही करणारे सर एकटे. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर मी त्यांच्याच हाताखाली लागले, ती मलाही एक दिवस अशी सही करता यावी म्हणून. परवान्याला पाच वर्षांचा अनुभव लागायचा, तो भरून उतू गेला होता. अडलं होतं सरांच्या पत्रावर. "बुगडे ह्यांनी स्वतंत्रपणे काम केले आहे," एवढं एक वाक्य त्यांनी लिहून द्यायचं होतं. त्याशिवाय अर्ज घेत नसत.

विषय काढला की सर म्हणायचे, "बघू."

ह्या "बघू"ला दोन वर्षं झाली होती. माझ्याबरोबरची पोरं कुठल्या कुठे गेली. घरचे म्हणत होते, एवढा अडलाय परवाना तर लग्न तरी करून टाक. मी म्हणायचे, थांबा. आणि ह्या खेपेला सर स्वतःहून म्हणाले होते, "ह्या आराखड्यावर सही झाली की तुझं पत्र देतो." सही उद्या होती, खाणीच्या ऑफिसात.

सातवा बोअर नेमका तिथे मारला होता, जिथे निकामी मातीचा ढीग टाकायचा होता. सड्याच्या अगदी कडेला. कडेच्या खाली उतार आणि उतारावर दहाबारा घरांचा धनगरवाडा. जागेवर मुळात घट्ट जांभा असला तर ढीग वर्षानुवर्षं बसून राहील. खाली शाडू असला तर आमच्याकडच्या एखाद्या पावसाळ्यात तो पाणी पिऊन साबणासारखा होईल आणि ढीग वाड्यावर जाईल. हे सांगायला परवाना लागत नाही.

बाकीचे सगळे बोअर सरांनी आणि मी मिळून पाहिले होते. सातवा निघाला तेव्हा मी मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. सरांनी तो एकट्याने पाहिला.

सरांकडून अशी चूक झालीच कशी, मला कळेना. ह्या माणसाने मला जीभ लावायला शिकवलं. सुरुवातीला ते आधी स्वतः तुकडा जिभेला लावायचे, मग तो बाजूला ठेवून माझ्यासाठी ताजा तुकडा फोडायचे, "उष्टं देऊ नये" म्हणून. मग मला विचारायचे, "सांग बघू?" मी सांगायचे. चुकले तर दिवसभर टोमणे. "बुगडे, ही जीभ फक्त आईशी भांडायला ठेवलीय का?" पुढे पुढे त्यांनी स्वतः चाखणं सोडलं. न फोडता सबंध तुकडाच माझ्या हातात द्यायचे आणि "सांग बघू" म्हणायचे. मी सांगितलं की मान डोलवायचे आणि लिहून घ्यायचे. बरोबर की चूक, हे सांगणं बंद. मला वाटायचं, परीक्षा कडक झाली. रोज पेपर आणि निकाल कधीच नाही.

त्या संध्याकाळी मी जीप घेऊन खाली राधानगरीत सरांच्या घरी गेले. खिशात रुमालात बांधलेला सातव्या बोअरचा तुकडा होता. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं.

काकूंनी दार उघडलं. "ये ये. लग्न झालं झोकात? बस, पानं वाढतेच आहे."

"मी नाही जेवत काकू, सरांशी जरा…"

"बोलणं कुठं पळून जातंय? हात धू."

सर पाटावर बसलेच होते. मला बघून खूश झाले. "आलीस? उद्या नऊला निघायचं. दळवी मॅनेजर वाट बघतोय. पेढेसुद्धा आणून ठेवलेत म्हणे."

मी मान हलवली आणि भाताचा घास घेतला. आमटी अशी खारट होती की डोळ्यांतून पाणी आलं. समुद्रच वाढला होता काकूंनी पानात. मी पाण्याचा तांब्या ओढला आणि सरांकडे पाहिलं. ते शांतपणे भुरके मारत होते.

"अजून थोडी वाढ गं," ते काकूंना म्हणाले. "आज फक्कड झालीय."

काकूंनी वाढायच्या आधी सवयीने पळीतली आमटी हातावर घेऊन चाखली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहत होते. सरांनी आमटी ओरपून ताट स्वच्छ केलं आणि हात धुवायला मागच्या पडवीत गेले.

मी ताट उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरले.

"दोनदा पडलं मीठ," काकू हळूच म्हणाल्या. "एरवी मी फार जपते. तिखट, मीठ, गरम, सगळं. परवा चहाने ओठ भाजून घेतला, तेसुद्धा मी बघितलं म्हणून."

"कधीपासून काकू?"

"मिरजेहून आले तेव्हापासून."

दोन वर्षांपूर्वी सर मिरजेला दाढ काढायला गेले होते. आम्हाला सांगितलं होतं ते तेवढंच.

"दाढ कुठली गं," काकू म्हणाल्या. "तंबाखूची गाठ होती जबड्यात. गाठ गेली, माणूस वाचला, पण जिभेची शीर गेली. दगड ठेवला काय नि लोण्याचा गोळा ठेवला काय, काही लागत नाही त्यांना. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. कळलं तर कोण काम देईल म्हणतात. आयुष्यभर ह्या जिभेवर नाव मिळवलं त्यांनी."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. दोन वर्षांची सगळी "सांग बघू" एकदम कानात वाजायला लागली. ती परीक्षा नव्हतीच. सर मला विचारत होते. खरोखरच विचारत होते, कारण त्यांना माहीत नव्हतं. मी जे सांगत होते तेच लिहिलं जात होतं आणि खाली सही होत होती.

"म्हणून पत्र देत नाहीत मला?" मी विचारलं.

काकू नळाखाली भांडी घासायला लागल्या. "तू गेलीस तर त्यांना सांगणार कोण?" एवढंच त्या म्हणाल्या.

मला असा राग आला की काय सांगू! मी लग्नाची स्थळं परत पाठवली, घरच्यांची बोलणी खाल्ली, रोज रात्री आपण कुठे कमी पडतो म्हणून पुस्तकं धुंडाळली, आणि हा माणूस मला जिभेसारखी वापरत होता. बाहेरून सरांची हाक आली, "बुगडे, कशाला आली होतीस गं?" पडवीत पंचाने तोंड पुसत ते उभे होते, आणि हनुवटीवर आमटीचा ओघळ तसाच राहिला होता. त्यांना तो जाणवला नव्हता.

"उद्याचं विचारायला," मी म्हणाले आणि निघून आले.

पण गप्प बसणं काही माझ्या स्वभावात नाही. सकाळी घाट चढताना जीप मीच चालवत होते. अर्ध्या घाटात मी म्हणाले, "सर, सातवा बोअर चिकटतो."

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"तू नव्हतीस त्या दिवशी," ते म्हणाले.

"हो."

"काकू बोलली?"

"आमटी बोलली."

त्यांना हसू आलं असावं, पण ओठ हलले नाहीत. "कुठून कुठपर्यंत चिकटतो?"

"वरचा जांभा संपला की सगळा. तळापर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. मग मी म्हणाले, रात्रभर ठरवलेलं. "दळवींना सांगू, ती नोंद माझी होती. मी चुकले. तुमचं नाव राहील, जागाही बदलता येईल."

"आणि तुझा परवाना?"

"तो असाही तुमच्याच हातात आहे ना सर."

हे मी टोचून बोलले, आणि ते त्यांना बरोबर टोचलं. सडा येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. ते काय ठरवतायत, मला कळेना. मान डोलावतील, मी चुकले असं सांगतील आणि पुन्हा "बघू" म्हणतील, अशी भीती वाटत होती. माणसं नावासाठी काय काय करतात, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं.

ऑफिसात दळवी मॅनेजर कोऱ्या करकरीत सफारीत उभा होता. टेबलावर आराखडा, पेन आणि खरंच पेढ्यांचा पुडा. कोपऱ्यातल्या बाकावर खालच्या वाड्यातला बिरू झोरे घोंगडी पांघरून बसला होता. उताराच्या कडेचं पहिलं घर त्याचं. दळवीने त्याला मुद्दाम बोलावलं होतं, कारण वाड्यातून तक्रारी सुरू झाल्या होत्या.

"साहेब, ह्यांना तुम्हीच एकदा समजावून सांगा," दळवी म्हणाला. "माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

बिरू उठून उभा राहिला. "मी काय म्हंतो साहेब, तुमी शिकलेली मानसं. आमच्या डोक्यावर डोंगर रचनार म्हंता. पावसाचं खाली निवांत निजावं का न्हाय, एवढंच सांगा. तुमच्या शबुदावर आमी गप हाय."

दळवीने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. "सांगा साहेब. घट्ट जांभा आहे ना? तुमचीच नोंद आहे."

सरांनी पेन घेतलं नाही. माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "तुकडा आणलायस ना?"

मी खिशातून रुमाल काढला. सरांनी त्यातला नखाएवढा कपचा मोडला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि आम्हा तिघांसमोर, लहान मूल डॉक्टरपुढे काढतं तशी जीभ बाहेर काढली. कपचा त्यावर टेकवला आणि हात सोडून दिला.

कपचा जिभेला लोंबकळत राहिला.

सगळ्यांना दिसत होतं. दळवीला दिसत होतं, बिरूला दिसत होतं. फक्त सरांना कळत नव्हतं. ते जीभ बाहेर काढून तसेच माझ्याकडे बघत उभे होते, आणि त्यांचे डोळे विचारत होते. इतकी वर्षं ह्या माणसाच्या समोर मी उभी होते, पण असं बघताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझा कालचा राग कुठल्या कुठे गेला. मला वाटलं, धावत जाऊन तो दगड काढावा आणि त्यांचं तोंड ओढणीने झाकावं.

"चिकटलाय, सर," मी म्हणाले.

त्यांनी तो चिमटीने काढला. जीभ आत घेतली, चष्मा लावला. मग दळवीकडे वळले.

"मला कळलं नाही," ते म्हणाले. "माझी जीभ दोन वर्षांपूर्वी गेली, दळवी. सातव्या बोअरची नोंद मी केली आणि ती चुकली. घट्ट जांभा नाही तो, शाडू आहे. बाकीच्या बोअरच्या नोंदी बरोबर आहेत, कारण त्या माझ्या नाहीत, ह्यांच्या आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बुगडे मॅडम, ह्यांना सांगा काय करायचं ते. तुम्ही सांगा."

मॅडम! आणि तुम्ही! मला गलबलून आलं. पण बिरू माझ्याकडे बघत होता, म्हणून मी सांगितलं. ढीग इथे नको. ओढ्यापलीकडे, तिसऱ्या बोअरपाशी खरा जांभा आहे, तिथे टाका. वाहतूक वाढेल, पण वाडा राहील. बिरूने घोंगडी नीट खांद्यावर घेतली आणि एकदा सरांच्या आणि एकदा माझ्या पाया पडायला वाकला. आम्ही दोघेही मागे सरलो.

"पण सही?" दळवी म्हणाला. त्याच्या हातात पेन तसंच होतं. "जागा बदलून का होईना, सही कोण करणार? तुम्ही आजच्या आज…"

"मी नाही करणार. आता कुठल्याच आराखड्यावर नाही," सर म्हणाले. "ह्यांचा परवाना येऊ दे. तोवर थांबा."

"किती दिवस थांबू?"

"मी ह्यांना दोन वर्षं थांबवलंय. तुम्हाला तेवढं नाही थांबावं लागणार."

पेढे कुणी खाल्ले नाहीत.

परवाना मला पुढच्या उन्हाळ्यात मिळाला. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. मुलाखत झाली, साहेब लोकांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. सरांनी पत्र लिहिलं होतं त्यात काय होतं, ते मी कधी वाचलं नाही. पाकीट बंद करूनच पाठवायचं असतं. पहिली सही त्याच खाणीच्या नव्या आराखड्यावर केली. आता ह्या सगळ्याला वीस वर्षं होऊन गेली. धनगरवाडा आहे तिथेच आहे.

मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, ऑफिसातून बाहेर पडल्यानंतरचं. सर जीपकडे न जाता सड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. खाली वाड्यातल्या चुलींचा धूर वर येत होता. मी जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले.

"मॅडम म्हणू नका सर," मी म्हणाले. "तुम्ही तर मुळीच नको."

"साइटवर म्हणणार. घरी ये, तिथे तुला हवं तेवढं 'तू' म्हणेन."

मग मला राहवलं नाही. "दोन वर्षं, सर! रोज मला वाटायचं, मी नापास होतेय. कुठे चुकतेय तेच कळत नव्हतं. मी खरंच किती वेळा चुकले?"

"एकदाही नाही."

"मग एकदा तरी सांगायचंत!"

"काय सांगू?" सर म्हणाले. "चुकली असतीस तर, अजून कच्ची आहे म्हणून तुला ठेवून घेता आलं असतं. रोज सकाळी जीपमध्ये बसताना वाटायचं, आज तरी पोरगी चुकू दे. आणि तू दगड तोंडात घातलास की देवाला म्हणायचो, चुकू देऊ नकोस रे बाबा, खाली माणसं राहतात."